गंजाचा शृंगार

खेळण्यांतल्या आगगाडीवर एका वाङ्मयीन मासिकानें पानें खर्ची घालावीं काय, असा प्रश्न हा लेख पाहतांच कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील, आणि त्याबद्दल त्यांना दोष देतां येणार नाहीं. मातीचा किल्ला करावा, त्यावर अळीव पेरावा, तटापेक्षां उंच असे मावळे बुरुजावर उभे करावे, आणि भाऊबीज झाली कीं सर्व विसरून जावें, एवढाच आपला ह्या कलेशीं संबंध. परंतु अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, जपान ह्या देशांत वयानें व विचारानें प्रौढ अशीं हजारों माणसें आगगाडीच्या छोट्या प्रतिकृति करण्यांत आयुष्याचा मोठा भाग घालवितात. त्यांतील खरे कसबी गाडीपेक्षां तिच्या भोंवतालच्या वस्तूंवर अधिक जीव लावतात. इंजिनाची शेड, पाण्याची टांकी, कोळशाची वखार, सिग्नलवाल्याची चौकी, रुळालगतचें गोदाम, कामगारांचीं घरें, हें सर्व मापाबरहुकूम बांधावयाचें. आणि बांधून झालें कीं त्याला ऊन, पाऊस, धूर व माणसाचा हात लागून वर्षें लोटलीं आहेत, असें भासवावयाचें. ह्या शेवटच्या क्रियेला तिकडे ‘वेदरिंग’ म्हणतात. ह्या लेखापुरतें आपण तिला ‘जुनवण’ म्हणूं.

आमचें भांडण जुनवणीशीं नाहीं. तिचें जें सोंग आज माजलें आहे, त्याच्याशीं आहे.

ज्यांना जुनवणच नको, त्यांचा समाचार आधीं घेऊं, कारण तो थोडक्यांत घेतां येतो. ही मंडळी म्हणतात कीं, नव्या कोऱ्या वस्तूला मुद्दाम मळवून जुनी म्हणून मिरविणें हें कपट आहे. प्रतिकृति स्वच्छ असावी, तिचे रंग लखलखीत असावे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या भोजनाच्या मेजावर चांदीची एक आगगाडी फिरत असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बॅसेट-लोक ह्या इंग्रज कारखान्यानें ती करून दिली होती. डब्यांवर शिंद्यांच्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें, डब्यांत मद्याच्या सुरया. पाहुण्यानें सुरई उचलली कीं गाडी थांबावी आणि परत ठेवली कीं चालूं लागावी, अशी तिची योजना. ती गाडी लखलखीत होती हें योग्यच झालें. कारण ती मेजावरची चाकर होती, रेल्वे असल्याचा दावा तिनें कधींच केला नाहीं. परंतु गाडीशेजारीं तुम्हीं स्टेशन बांधलें, शेडीवर धुराडें उभारलें, कीं येथें कोळसा जळतो असें विधान तुम्हीं केलें. मग धुराड्याच्या तोंडाशीं काजळी नसेल तर कपट कोणाचें? निर्मळ धुराडें हें मळलेल्या धुराड्यापेक्षां मोठें असत्य आहे. ह्या पक्षाला ह्याहून अधिक उत्तर देण्याचें कारण दिसत नाहीं.

खरी लढाई दुसऱ्या पक्षाशीं आहे, आणि ती अवघड आहे. कारण त्या पक्षाजवळ कसब आहे, लोकप्रियता आहे आणि बाजारही आहे.

जुनवणीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथील जॉन अॅलन ह्याचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. त्याचा जन्म १९१३ सालचा. पेशानें तो छायाचित्रकार. त्यानें आपल्या घराच्या तळघरांत जी रेल्वे उभारली तिचें नांव कानावर पडतांच ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ इंग्रजी श्रोत्यास ऐकूं यावा, अशी कोटी त्यानें त्यांत योजिली होती. आणि डबे इकडून तिकडे ढकलण्यासाठीं त्यानें इंजिनाच्या जागीं एक स्टेगोसॉरस प्राणी कामास लावला होता! असा हा विनोदी गृहस्थ जुनवणीच्या बाबतींत मात्र कमालीचा गंभीर होता. छायाचित्रकाराला उजेड कोठून येतो व सांवली कोठें पडते हें पाहण्याची संवय असते. ऊन कोठून लागतें व पाणी कोठून ओघळतें हें पाहणें त्याच संवयीचा विस्तार होय. ६ जानेवारी १९७३ रोजीं तो वारला, आणि थोड्याच दिवसांत लागलेल्या आगींत त्याच्या रेल्वेचा बहुतेक भाग भस्म झाला. मागें राहिलीं तीं छायाचित्रें, आणि तीं पाहून शिकलेली एक पिढी. दुर्दैव असें कीं, पुढें ह्या परंपरेंत गुरूची दृष्टि मागें पडली आणि रंगाची बाटली तेवढी हातोहात पुढें गेली.

ही विद्या सामान्य नव्हे, हें प्रतिपक्षाच्या गौरवार्थ सांगितलें पाहिजे. बासवुडाच्या काडीएवढ्या पट्ट्या घेऊन तारेच्या ब्रशानें त्या लांबीच्या दिशेनें खरवडतात, म्हणजे लांकडाचे तंतु वर उठतात. मग स्पिरिटांत काळ्या शाईचे कांहीं थेंब टाकून तें पाणी त्यावर फिरवितात. शाई खांचांत उतरते, आणि उन्हानें करडें पडलेलें लांकूड क्षणांत तयार होतें. पन्हळी पत्रा करावयाचा तर अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख सांच्यावर दाबून पन्हळी करतात आणि विजेच्या उपकरणांतील तांब्याच्या पाट्या कोरण्यासाठीं वापरतात त्या फेरिक क्लोराइडांत बुडवितात. द्रव तापतो, वर्खाच्या कडा खाल्ल्या जातात, भोंकें पडतात. वेळींच बाहेर काढून धुतला तर तीस पावसाळे सोसलेला पत्रा हातीं येतो. त्यावर रंगीत खडूची पूड चोळली कीं गंज. ज्या धातूला लोखंडासारखा तांबडा गंज कधींच चढत नाहीं, त्याच्यावर गंजाचा असा हुबेहूब आभास उत्पन्न करणाऱ्या हातांना आम्ही मनापासून नमस्कार करतो.

परंतु हे हात एकदां शिकले कीं थांबत नाहींत. दुकानांत आतां ‘गंज’, ‘काजळी’, ‘धूळ’, ‘शेवाळ’ अशा नांवांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या मिळतात. गंज हा एकदां बाटलींत मिळूं लागला, कीं तो कां चढला हें विचारण्याची गरज उरत नाहीं. किती लावावा एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचें उत्तर बहुधा ‘आणखी थोडा’ असें असतें.

प्रत्यक्षांत गंज, मळ व जीर्णता ह्या इतक्या स्वैर वस्तु नाहींत. रुळाकडेच पाहा. ज्या रुळावरून दिवसांतून चार गाड्या जातात त्याचा माथा आरशासारखा चकचकीत असतो व बाजू तपकिरी असतात. माथाही तपकिरी असेल तर त्या मार्गावरून बरेच दिवस गाडी गेलेली नाहीं, असें कोणताही गँगवाला सांगेल. बिडाच्या ब्रेकांची झिजलेली पूड गाड्या जेथें थांबतात तेथें अधिक सांचते. म्हणून स्टेशनाजवळची खडी तांबूस, मोकळ्या मार्गावरची त्या मानानें उजळ. इंजिन पाणी घेण्यासाठीं ज्या जागीं उभें राहतें, तेथेंच दोन रुळांच्या मध्यें तेलाचा काळा पट्टा असतो. जस्ताचा लेप दिलेला पत्रा प्रथम कापलेल्या कडेशीं व खिळ्यांच्या भोंकांशीं गंजतो, मधोमध नाहीं. उघडें लांकूड करडें पडतें तें उन्हांतील अतिनील किरणांनीं त्यांतील लिग्निन फुटतें आणि पाऊस तें धुवून नेतो म्हणून. तेव्हां वळचणीखालची, ऊन-पाऊस न लागणारी फळी आपला मूळचा तपकिरी रंग पुष्कळ वर्षें राखून असते. भिंतीचा रंग पहिल्यानें सुटतो तो जमिनीलगतच्या फळ्यांचा, कारण छपराचें पाणी खालीं पडून तेथेंच उडतें. जुन्या इमारतीवरील प्रत्येक डाग हा असा कोठल्या तरी कारणाचा साक्षीदार असतो. आणि आमच्या ह्या शौकिनांच्या देखाव्यांत? वळचणीखालची फळी व उन्हांतली फळी सारख्याच करड्या. पत्र्याचा गंज मधोमध गोल टिकल्यांसारखा. पाण्याची टांकी एकीकडे आणि तेलाचा डाग दुसरीकडे. साक्षीदार सगळे हजर, पण पढविलेले!

मापाचें गणित तर कोणी करीतच नाहीं. ह्या छंदांत सर्वांत प्रचलित माप ‘एच-ओ’ म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचें. सहा फुटी माणूस त्यांत एकवीस मिलिमीटरांचा होतो. फळीवर खिळ्यांच्या खुणा उमटाव्या म्हणून टांचणीनें टोंचे मारण्याची रीत आहे; त्या टोंच्याचा व्यास अर्धा मिलिमीटर धरला, तरी प्रत्यक्षांत तो खिळा सव्वाचार सेंटिमीटर रुंद माथ्याचा होतो. एवढे खिळे कोणत्या लोहारानें घडविले? पत्र्यांतलें दोन मिलिमीटरचें शोभिवंत भोंक म्हणजे साडेसतरा सेंटिमीटरचें भगदाड. त्यांतून मांजर सहज आंत जाईल. अशीं चार भगदाडें असलेल्या छपराखालीं पिठाचीं पोतीं रचलेलीं दाखवितात आणि दारांत व्यापारी प्रसन्न मुद्रेनें उभा करतात! दिवाळींतल्या किल्ल्यावरच्या आमच्या मावळ्यांना हंसण्याचा अधिकार ह्या लोकांना उरलेला नाहीं. तीं मुलें निदान मापाचा दावा करीत नाहींत.

कोणी म्हणेल, कलेंत अतिशयोक्ति चालते. रसिक हातभर अंतरावरून पाहतो, त्याला दिसलें पाहिजे. हें अर्धें खरें आहे. लहान प्रतिकृतीवर मूळचा रंग जसाच्या तसा लावला तर तो जड दिसतो, म्हणून तो किंचित् उजळ करावा लागतो, हें आम्हांसही ठाऊक आहे. पण रंगभूमीवर म्हाताऱ्याचें काम करणारे दोन नट आठवा. एक पडदा वर गेल्यापासून खालीं येईपर्यंत नखशिखांत कांपत असतो. दुसरा कांहींच करीत नाहीं. बसतांना तेवढा गुडघ्यावर हात ठेवतो आणि क्षणभर थांबतो. अतिशयोक्ति दोघांचीही आहे. दुसऱ्याची वयाच्या वाटेनें जाते, पहिल्याची वाट सोडून.

एवढ्यावर हें प्रकरण थांबतें तर तें कारागिरीचें भांडण ठरलें असतें, आणि आम्हीं तें त्या छंदाच्या मासिकांना सोडून दिलें असतें. पण ह्या शृंगाराचा आवडता विषय कोणता तें पाहिलें म्हणजे गोष्ट निराळी होते. मॅसॅच्युसेट्समधील पीबडी येथें जॉर्ज सेलिओस ह्यांनीं ‘फ्रँक्लिन अँड साउथ मँचेस्टर’ नांवाची रेल्वे उभारली. १९२९ नंतर अमेरिकेवर जी आर्थिक मंदी कोसळली त्या काळांतील न्यू इंग्लंडचीं शहरें हा तिचा विषय. गर्दीनें दाटलेल्या विटांच्या इमारती, विटलेल्या जाहिराती, वांकलेले जिने, ठिगळें लावलेलीं छपरें. सेलिओस ह्यांच्या हस्तकौशल्याविषयीं दुमत नाहीं, आणि आपल्या कारखान्यांतून त्यांनीं विकलेल्या संचांवर एक पिढी शिकली. परंतु त्यांच्या अनुकरणानें घरोघर जीं मंदीचीं शहरें वसलीं, त्यांत एकही जिना सरळ नाहीं, एकही खिडकी पुसलेली नाहीं, एकही अंगण झाडलेलें नाहीं. ठिगळ लावतात तेंही गळतीच्या जागीं नव्हे, तर रंगसंगतीसाठीं! दारिद्र्य हें एक मनोहर पोत झालें आहे. ज्या काळांत लक्षावधि माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्या काळाची ही आठवण. आणि ती काढणारा गृहस्थ पोटभर जेवून, दिवाणखान्याशेजारच्या खोलींत, चिमट्यानें कचरा मांडीत बसला आहे.

त्या काळचीं माणसें अशीं राहत होतीं काय? सुदैवानें ह्याचा पुरावा उपलब्ध आहे. १९३० नंतरच्या त्या दशकांत अमेरिकन सरकारनें ग्रामीण हालअपेष्टांची नोंद करण्यासाठीं छायाचित्रकार नेमले होते. त्यांच्यापैकीं वॉकर एव्हन्स ह्यानें १९३६ च्या उन्हाळ्यांत अलाबामांतील हेल परगण्यांत कापूस पिकविणाऱ्या खंडकरी कुटुंबांचीं चित्रें घेतलीं. जेम्स एजी ह्याच्या मजकुरासह तीं १९४१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या घरांना रंग नाहीं, भिंतींना अस्तर नाहीं, फळ्यांच्या फटींतून उजेड आंत येतो. दारिद्र्य ह्याहून उघडें असूं शकत नाहीं. पण स्वयंपाकघराच्या एका भिंतीचें चित्र पाहावें. त्या भिंतीवर कोणीं तरी लांकडाची एक पट्टी आडवी ठोकली आहे, आणि तिच्या मागें सुऱ्या, कांटे, चमचे ओळीनें खोंचून ठेवले आहेत. कपाट घेण्याची ऐपत नाहीं, म्हणून पट्टी. ज्या घरांत ही पट्टी आहे, त्या घरांत एक बाई रोज रात्रीं भांडीं घांसून जागच्या जागीं ठेवते, हें सांगावें लागत नाहीं. आपल्याकडेही ज्यानें गरिबाचें सारवलेलें अंगण पाहिलें आहे, त्याला गरिबी आणि गबाळेपणा ह्यांतला भेद कोणी शिकवावयास नको.

ह्या जुनवणींत उणीव आहे ती नेमकी ह्याच हाताची. ऊन, पाऊस व धूर ह्यांनीं केलेलें सर्व त्यांत असतें; माणसानें केलेली डागडुजी नसते. आपल्या कोंकणांत नळ्याच्या कौलांचीं घरें होतीं तेथें दर वर्षीं मृगापूर्वीं शाकारणी होत असे. कौलें उतरावयाचीं, फुटकीं काढावयाचीं, नवीं त्यांत मिसळावयाचीं. पावसाच्या पहिल्या सरीला छपर पाहिलें तर काळवंडलेल्या कौलांत मधूनमधून तांबडीं लाल कौलें दिसत. तें छपर शंभर वर्षांचें असे आणि त्याच आठवड्यांतलेंही असे. जगांतलें कोणतेंही वापरांतलें जुनें घर असेंच एकाच वेळीं अनेक वयांचें असतें. करड्या फळ्यांत एक नवी पिवळी फळी. खरचटलेल्या दाराला नवी कडी. गंजलेल्या पत्र्यावर डांबराचा ताजा पट्टा, आणि तोही नेमका गळतीच्या जागीं. मालक कंगाल झाला तर तो रंग द्यावयाचें लांबणीवर टाकतो, छपर शेवटपर्यंत टाकीत नाहीं. ज्या वास्तूवर डागडुजीची एकही खूण नाहीं ती जुनी नव्हे, ओसाड. आणि ओसाड घराच्या दारांत माणसें उभीं करूं नयेत.

इंग्लंडांत ह्याच कलेचा निराळा मार्ग दिसतो. ऑस्ट्रेलियांतून १९२५ सालीं तिकडे आलेल्या रॉय इंग्लंड नांवाच्या तरुणानें ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ ह्या खोऱ्यांतील खेडीं पाहिलीं, आणि गवतानें शाकारलेलीं तीं जुनीं घरें डोळ्यांदेखत बदलत आहेत हें पाहून तीं कागदाच्या पुठ्ठ्यांत उतरवून ठेवण्याचा ध्यास घेतला. घरें प्रत्यक्ष मोजलीं, भिंतींचे रंग पाहून जलरंगानें एकेक दगड व एकेक वीट रंगविली. लाँग विटनम येथें १९५४ सालीं त्यांतून पेंडन हें संग्रहालय उभें राहिलें. माप शहात्तराव्या हिश्श्याचें. घरें शेंकडों वर्षांचीं आहेत, भिंती वाळूच्या घड्याळासारख्या झिजल्या आहेत. पण परसांत भाजी लावलेली आहे, खिडकीला पडदा आहे, आणि त्या पडद्यामागें कोणी राहत असावें असें पाहणाऱ्यास वाटतें. ह्या गोड खेड्यांत साखर थोडी जास्त पडली आहे, असें आमचें मत आहे. एवढ्या सुंदर खोऱ्यांत एकही शेतमजूर भाडें थकल्याच्या चिंतेंत नसावा, हें पटत नाहीं. परंतु राहणाऱ्यांचा अपमान तेथें कोणीं केलेला नाहीं.

पुण्यांत भाऊसाहेब जोशी ह्यांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. त्यामुळें हा छंद आपल्याकडे अगदींच परका राहिलेला नाहीं. उद्यां एखादा हौशी तरुण १९०७ सालीं सुरू झालेल्या नेरळ-माथेरानच्या गाडीचें स्टेशन करावयास बसेल. परदेशांतून मागविलेली ‘गंज’ नांवाची बाटली त्याच्या हाताशीं असेल. भिंतीच्या तळाशीं तो तीच लावील, आणि चुकेल. कारण माथेरानांत भिंतीच्या तळाशीं जें लाल दिसतें तो गंज नव्हे, पावसाच्या माऱ्यानें उडालेली तिथली तांबडी माती. पत्र्याच्या कडेशीं गंज, भिंतीच्या पायाशीं माती: दोन्ही लाल, पण दोन्हींचीं कारणें निराळीं, जागा निराळ्या, आणि पुसणारे हातही निराळे. बाटलीवरील चिठ्ठीला हें कळत नाहीं. त्यानें एक पावसाळा तेथें जाऊन पाहावें. भिंत कितव्या फळीपर्यंत लाल होते, पोर्टर बाकाची कोणती बाजू आधीं पुसतो, गळक्या पन्हळीखालीं कोणीं कसला डबा ठेवला आहे, हें वहींत टिपून घ्यावें.

आणि ज्यांना मंदीच्या अमेरिकेचीच हौस आहे, त्यांनीं एव्हन्सच्या चित्रांतली ती पट्टी करून दाखवावी. ती चार सेंटिमीटर रुंद धरली, तर एच-ओ मापांत अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर येते. बासवुडाची तेवढी बारीक काडी धारदार पात्यानें कापतां येते. मागें खोंचण्याचे चमचे मात्र केसाएवढ्या तारेचे करावे लागतील. आणि ते सगळे एका ओळींत, सरळ, लावावे लागतील.